साठा संपलाय

—आवं वकीलबाई, एकविसावं कलम मला नका शिकवू! जगायचा हक्क म्हंजी दवापाण्याचाबी हक्क, मोठ्या कोर्टानंच म्हणलंय म्हणताय—म्हणलं असंल की. पर कोर्ट दिल्लीत, आन् आमचं आरोग्य केंद्र हितं माळावर. मधी कोण? मी, तात्याबा शिपाई! अठरा वर्सं झाली. मी व्हय म्हणल्याबिगर तुमचं कलम ह्या दारातनं आत येत न्हाई—हसताय काय, खरं हाय.

मनुबाईच्या आकारामचं इचारताय न्हवं? फौजेतनं सुट्टीवर आलेलं पोरगं. द्राक्षाच्या बागंत हाताला साप डसला. भर दुपारचं आईनं जीपमधी घालून आणलं. मला म्हणतंय, "तात्या, डोळं मिटाय लागल्यात, लवकर कर काय ते." करतोय काय मी? डाक्टर कुठं? कवठ्यात, सोताच्या दवाखान्यात! पगार हितला, धंदा तिथला. नर्सबाई मीटिंगला. आन् तुमचं कलम कुठं हुतं तवा? पुस्तकात, घडी घालून! लय भारी कलम.

फोन लावला की मी—लावला न्हाई कसा? डाक्टरसाहेब म्हणतोय, "मी येत न्हाई. रिअॅक्शन आली तर माझ्या गळ्यात येतंय. साठा संपलाय म्हण, मिरजेला पाठव." म्हणलं मी. मनुबाई हात जोडाय लागली, "तात्या, एकदा फ्रीज तर उघडून बग." काय बगायचं त्यात? सकाळीच पुसला हुता मी, सापाच्या लशीच्या धा बाटल्या हुत्या—

न्हाई, म्हंजी… मला काय टोचाय येतं व्हय? शिपाई माणूस मी. टोचणारं कुणी न्हवतंच की! आता साहेबावर वरडाय येत हुतं, त्ये येत हुतं. जीपमधनं बाटल्या घिऊन कवठ्याला त्येच्या दारात जाता येत हुतं. पंधरा मिन्टं. पर साहेबाला उलटं बोलायचं कुणी? मिरज यायच्या आधीच गेलं पोरगं, आईच्या मांडीवर.

लिवताय काय? धा लिवलं? खोडा त्ये. मी सही करायचा न्हाई… आन् तुमी कागुद कोर्टात द्या, पेपरात द्या, काय करायचं त्ये करा. फकस्त मनुबाईला नका सांगू. रोज ह्याच रस्त्यानं जाती, मला "तात्या, जेवलास का" म्हणती.

काय म्हणलासा? तिनंच धाडलंय तुमास्नी?

…उठा. जावा तुमी आता.