टर्बोचा दिवा

— अहो साहेब, वाचता येतं मला, टर्बोच लिहिलंय, भेळपुरी नाही लिहिलेलं — पण बटण तुमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या डब्याला, आणि उल्हासनगरच्या सिंधी साईंकडून बोर्ड आणलंत नवं कोरं, पेंटियम — त्यावर टर्बोची पिनच नाही. हा घ्या टॉर्च, शोधा. नाही ना? पॉवरची लाइट लावली — प्लगला भोकं तीन, बोर्डाला पिना दोन, तरी लावली. हार्डडिस्कची लागत नव्हती, प्लग उलटा फिरवला, लागली. राहिली ही पिवळी. ती काय सांगणार, मशीन जोरात पळतंय? ते पळतंयच, त्याला दिवा कशाला.

उद्या दसरा — हो, कळलं, कॉम्प्युटरची पूजा, वहिनी हार घालणार, पालेगावहून व्याही येणार, आणि त्यांच्यासमोर एक दिवा विझलेला दिसला की तुमची अब्रू गेली. म्हणून थेट सप्लायवरून तार मारा म्हणता — एक रेझिस्टर टाकला की झालं, बटण दाबा नाहीतर तोडा, दिवा आपला चालूच. हुशार आहात. एमआयडीसीत ऑफिसर होतात ना? वाटलंच. आमचेही साहेब असेच हुशार होते.

कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसच्या खात्यात इलेक्ट्रिशियन होतो मी, सत्त्याऐंशी साली. खंडेनवमीच्या पूजेला साहेबलोक बायकामुलांसकट यायचे — आणि नेमका एका प्रेसचा हिरवा दिवा लागेना. हिरवा म्हणजे मशीन थांबलंय, खुशाल हात घाला. साहेब म्हणाले, शशिकांत, सणासुदीला अंधार बरा दिसत नाही. नाही तर नाही — मारली थेट तार. लागला. हार घातला, नारळ फोडला, जिलब्या वाटल्या — चार खाल्ल्या मी — आणि तार काढायची राहिली. साहेबांनी सांगितलं होतं का काढायला? नाही. मला कळत नव्हतं का? कळत होतं की.

दसऱ्याची सुट्टी संपली, पहिली पाळी लागली, हिरवा बघून आनंदाने हात घातला — आनंदा म्हणजे माझा मेहुणा, मालिनीचा धाकटा भाऊ, मीच चिकटवला होता तिथे. उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीच्या आधी तार काढली मी — बघा, तेव्हा नाही विसरलो. कागदावर आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तोही तेच सांगतो अजून — दाजी, डोळा लागला असेल माझा, मला आपला दिवा हिरवा दिसला. दहा वर्षं झाली, मी म्हणतो, असेल बाबा. दुकानात घेतलाय त्याला, दर दसऱ्याला कपडे करतो — लोक म्हणतात, मेहुण्याचं किती करतो हा माणूस. करतो खरं.

मालिनीला नाही सांगितलं हे कधी, तुमच्यापुढे कशाला बोललो कोण जाणे — तुमच्या डब्याने कुणाचं बोट तुटणार नाही, तेवढं समजतं मला — पण तार मी मारणार नाही. झेंडूचं एक फूल चिकटवा त्या दिव्यावर, व्याही खूश. नाहीतर दुसरा कुणी बघा, स्टेशनरोडला पुष्कळ आहेत, हसत हसत मारून दे—

आलास? मिळाले स्क्रू? ठेव इथे — डाव्या हाताने ठेव, सांडतील. केव्हाचा उभा होतास?

काही नाही रे. कुठला दिवा? कुठल्याच दिव्याचं बोलत नव्हतो.

साहेब, उचला तुमचा डबा.