उरलेली फीत

व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेले आजचे अध्यक्ष, ज्यांना बाहेरचं जग साहेब म्हणतं आणि ही बॅच अजून लांब्याच म्हणते ते आमचे भावजी. त्यांच्या उजव्या हाताला, या सगळ्यांना शिकवून आणि सोसून नव्वदी गाठलेले सर. डाव्या हाताला, त्या वर्गातली एकुलती एक मुलगी आणि पुढे प्राचार्य झालेल्या बाईसाहेब. समोर बसलेले पन्नास वर्षांपूर्वीचे तरुण. त्यांच्या गोळ्यांचे डबे पर्समध्ये घेऊन आलेल्या माझ्या मैत्रिणी. आणि त्या तिकडे, दारापाशी, गळ्यात कॅमेरा अडकवून उभे असलेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे. सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्या हातात हा कागद दिसतोय ना? मी बोलत गेले आणि सुनेने लिहून घेतलं. मला तर वाचता येत नाही, मग कागद कशाला, असं तुम्हाला वाटेल. अहो, हात कुठे ठेवायचे हा प्रश्न सुटतो. उलटा धरला असेन तर पुढच्या रांगेतल्यांनी खूण करावी.

मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. बायकोला दोन शब्द बोला म्हणणाऱ्या या संमेलन समितीने इतकी वर्षं संसार कसा केला, देव जाणे.

पण समितीला मी नावं ठेवणार नाही. वर्षभर तिच्या बैठका आमच्याच बैठकीच्या खोलीत झाल्या. पूल बांधलेली, धरणं बांधलेली ही माणसं, आणि सगळ्यांनी घालायच्या सारख्या सदऱ्याचा रंग ठरवायला यांना तीन महिने लागले! एक म्हणाले निळा, तर दुसरे म्हणाले निळ्यात माझं पोट दिसतं. मी आतून ओरडले, "भावजी, ते कुठल्याही रंगात दिसतं!" मग हॉल. हॉल सुंदर हवा की लिफ्टचा हवा? गुडघ्यांनी मत दिलं आणि लिफ्ट निवडून आली. जेवणाचा विषय निघाला तेव्हा एकाला मीठ नको, एकाला साखर नको, एकाला तेल नको. मी म्हटलं, सगळ्यांना ताटं तेवढी द्या, बाकी काही नको.

हसा, हसा. पण या बैठकांना येताना तुम्ही जिने कसे चढत होतात ते मी पाहिलंय. खाली येताना कठड्याला धरून उतरणारी माणसं वर येताना मुलांसारखी येत होती. मग कालपासून मलाही झोप नाही यात नवल काय? मी कुठल्या कॉलेजात गेले नाही, पण आज माझंच संमेलन असल्यासारखं वाटतंय.

आणि ते माझं आहेच. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी आज पहिल्यांदा पाहतेय, पण आवाजाने सगळ्यांना ओळखते. आमचं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप. भिंतीवर फोन. ह्यांचे हात कायम ग्रीसमध्ये, म्हणून रिसीव्हर मी ह्यांच्या कानाला धरायचा. "पाना आहे का?" असं कोणी विचारलं की कळायचं, कॉलेजातलं कोणीतरी आहे. खिशात कायम पाना असायचा म्हणून तुम्ही ह्यांचं नाव पाना ठेवलंत, आणि तेच टिकलं. कोणाची बदली झाली, कोणाची मुलगी रुसून घरी आली, कोणाचं मन लागत नाही, सगळं त्या फोनवर. मी नुसता रिसीव्हर धरायची. कान माझेही होते, त्याला मी काय करू?

कोणाचा बरेच दिवस फोन आला नाही की हे स्वतः लावायचे. पंप उघडा पडलेला, गिऱ्हाईक कपाळाला हात लावून बसलेलं, आणि हे विचारताहेत, "काय रे, आहेस ना?" एवढंच. पन्नास वर्षं ही बॅच या चार शब्दांवर चालली. म्हणून आज ह्यांचा सत्कार आहे, आणि तो योग्यच आहे.

आता जे सांगणार आहे, ते चारचौघांत बोलू का, असं मी ह्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या छातीवरचे हे बिल्ले आमच्या घरी आले. त्यांना फिती लावायचं काम माझं. मला अक्षर कळत नाही, पण माणसं तोंडपाठ आहेत. एकेकाला आठवत एकेक फीत कापत गेले. पहिली अर्थातच ह्यांची. पहिलीच, म्हणून जरा जास्त लांब कापली गेली. मग सून बिल्ल्यावरचं नाव वाचायची आणि मी फीत ओवायची. बिल्ले संपले, आणि एक फीत माझ्या हातात राहिली. ती लांब.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या सासऱ्यांचा बिल्ला राहिला छापायचा."

हे स्टुलावर चढून पंखा पुसत होते. तिथूनच म्हणाले, "राहिला नाही. छापलाच नाही."

"का? तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

"मी व्यवस्थेत आहे. फोटो कोण काढणार?"

"आधी खाली उतरा," मी म्हटलं. उतरले. स्टुलावरच बसले आणि फडक्याची घडी घालत म्हणाले, "बॅच पास झालेल्यांची असते. मी शेवटच्या वर्षी यंत्रांच्या विषयात नापास झालो. तेवढ्यात वडील आजारी पडले, वर्कशॉप अंगावर आलं. परत बसलोच नाही."

आमच्या घरात तुमच्या वर्गाचा तो निरोपाचा फोटो आहे. सगळे आहेत, हे नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, तुम्ही कुठे? म्हणाले, कॅमेरा माझ्या हातात होता. खरंच होता. पण त्याच सकाळी निकाल लागला होता आणि ह्यांनी कॅमेरा मुद्दाम मागून घेतला होता, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. आणि हाच माणूस पेपर अवघड गेला म्हणून रडणाऱ्या नातीला सांगत होता, "एका विषयाने कुठे काय होतं, वेडे!"

मी तडक लांब्या भावजींना फोन लावला.

"भावजी, ह्यांचा रिझल्ट आठवतो का?"

"कसला, साखरेचा?"

"कॉलेजचा हो!"

"पास झाला की! माझ्याकडून यंत्रं त्यानेच तर करून घेतली."

मी सांगितलं. तर म्हणाले, "वहिनी, रोज बोलणारा माणूस, आणि हे एवढं एकट्यानेच सांभाळत बसला?" बाईसाहेबांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नापास कसा होईल? मला तर तो पहिला आल्याचं आठवतंय!" त्या प्राचार्य होत्या बरं का.

सर, पेपर तुम्हीच तपासला होतात. तुम्हाला आठवतं का?

बघा, सरही मान हलवताहेत. नाही आठवत.

अहो, ऐकलंत का, दारातले? ज्यांनी नापास केलं ते विसरले. ज्यांच्यासमोर मान खाली गेली, त्यांना पत्ताच नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ही गोष्ट एकट्या तुमच्याच लक्षात आहे. सगळ्यांना "आहेस ना?" विचारत राहिलात. आता ही सगळी मंडळी तुम्हाला तेच विचारताहेत.

बोला की सगळे. असे दबकत काय?

हं, आता कसा आवाज आला!

ही फीत माझ्या मुठीत आहे. बिल्ला नाही, नुसतीच फीत. तुमचं नाव कशाला छापायला हवं? मधली खुर्ची रिकामी झालीय, पाहा. लांब्या भावजी उठून उभे आहेत, आणि तुम्ही बसल्याशिवाय ते बसणार नाहीत असं त्यांनी मला फोनवरच सांगितलंय. त्यांच्या गुडघ्यांची तरी दया करा.

या... सावकाश, वायरीत पाय अडकेल. सत्कारमूर्ती डोळे पुसताहेत, तिकडे पाहू नका, त्यांना म्हणे कचरा गेल्यासारखं वाटतंय.

तर मंडळी, मला बोलायला उभं केलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मी थट्टा केली, कोणाचं पोट काढलं, कोणाचे गुडघे काढले. आजी समजून पोटात घाला. आता फोटो. तो कॅमेरा इकडे द्या. बटण कुठलं ते मला माहीत आहे, नातवंडांचे फोटो मीच काढते. डोकी कापली जातात हे खरं, तेवढं सांभाळून घ्या. पण माणूस एकही सुटत नाही.

भावजी, जरा वाका. आणि अहो, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघा, माझ्याकडे काय बघताय?