नव्या मुलीला लॅब दाखवताना

—नाही नाही, मला मॅडम नको म्हणूस गं, मॅडम त्या काचेच्या खोलीत बसतात त्या, आपल्या गाइड. मी नुसती ताई. इथली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणून ताई, बाकी मान काही नाही! बॅग ठेव ना खाली, पोटाशी धरून काय उभी राहिलीस, कोणी पळवत नाही. वास येतोय? येणारच. माश्यांचं जेवण शिजतंय — मक्याचं पीठ, साखर, यीस्ट — आधी नको नको होतं, मग एक दिवस आई म्हणते, तुझ्या केसांना कसला गं वास, आणि आपल्याला कळतच नाही ती कशाबद्दल बोलतेय. बाबा तर पाहुण्यांना ऐटीत सांगतात, मुलगी संशोधन करते म्हणून, आणि पाहुण्यांनी ‘कशावर’ विचारलं की चहा आणायला आत पळतात. काका एकदा म्हणालेच, एवढं शिकून माश्याच मारतेस होय? मारत नाही हो, पाळते! पाळून, मोजून, त्यांच्या पिल्लांचे डोळे लाल की पांढरे ते बघून — जाऊ दे, काकांना कोण समजावणार.

हे इकडे लंबूचं टेबल. दिवसभर गुणगुणतो, सूर एकही धड नाही, पण मनाने सोनं. त्याच्या मायक्रोस्कोपला हात लावू नकोस, रुसतो. हा फ्रिज — वरच्या कप्प्यात डबे, खालच्या कप्प्यात रसायनं, आणि उलट केलंस तर मॅडम काचेतून नुसत्या बघतात. बोलत नाहीत. बघतात. त्यापेक्षा बोललेल्या परवडल्या.

आता आमची रीत ऐक. पहिला महिना तुला प्रयोग-बियोग कोणी देणार नाही. ही एक बाटली देणार, माश्यांची, आणि ती जिवंत ठेवायची, बस. जुनं जेवण सुकलं की नव्या बाटलीत हलवायच्या. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. हे बघ, नळीतून गॅस सोडला — झोपल्या. ब्रशने अलगद उचलायच्या, नव्या बाटलीत सोडायच्या, कापसाचा बोळा लावायचा. कर तू. घाबरू नकोस, मी आहे ना इथे. हात छान आहे गं तुझा! आणि आता, आता सगळे नवीन इथेच आपटतात, नीट ऐक, बाटली ठेवताना —

अगं. आडवी ठेवलीस.

कोणी सांगितलं तुला? उभी ठेवली की झोपलेल्या माश्या खालच्या ओल्या जेवणात चिकटून मरतात, हेच तर मी सांगणार होते. आधीच्या कॉलेजात केलंयस? मग बोलली का नाहीस, मी आपली मघापासून तोंडाची वाफ दवडतेय! नाही, रागावले नाही. चांगलंच आहे. सांगायला दुसरं काही उरलं नाही, एवढंच.

बसायचं कुठे? बघू ना, सापडेल एखादी... काय म्हणाल्या मॅडम? ताईच्या जागेवर? असं म्हणाल्या? म्हणजे त्यांचं बरोबरच आहे. माझा प्रबंध लिहून झालाय, मॅडमनी सहीसुद्धा केलीय, जमा तेवढा करायचाय. ते काय, खाली ऑफिसात जायचं, दोन जिने. पण मी म्हटलं तो शेवटचा प्रयोग पुन्हा एकदा करून बघावा, खात्री असलेली बरी — हो, आधी केला होता. तेच उत्तर आलं. परत केला, तेच. माश्या काय, शंभरदा विचारलं तरी खरंच सांगणार.

नोकरी? मिळालीय की. मोठी लॅब आहे, दूर, आजच कळवायचंय त्यांना, येते का नाही. आईचा सकाळपासून तीनदा फोन... तू हसू नकोस. इथे मला डोळे मिटून सगळं सापडतं गं. लंबूचं मशीन बिघडलं तर ताई, मॅडमना जुन्या प्रयोगाचा फोटो हवा तर ताई. आणि तिथे? तिथे मी दारात उभी राहणार, आणि माझ्यापेक्षा लहान कुणीतरी मला फ्रिजचे कप्पे दाखवणार. भीती वाटते. झालं, सांगून टाकलं! तुला कशाला सांगतेय मी हे, तुझं नावसुद्धा अजून धड विचारलं नाही.

तुला नाही भीती वाटली, आज येताना? ... वाटली? मग आलीस कशी?

... हं. तशीच.

सरक, खुर्ची देते. ती नको, तिची पाठ मोडकी आहे. ही माझी घे. खण रिकामा करते थांब — हा चष्मा माझा, बिस्किटं तुला राहू देत. माश्या जाग्या झाल्या बघ तुझ्या, आता उभी कर बाटली. आणि त्या मागच्या रांगेतल्या माझ्या — त्यांनाही उद्यापासून तूच हलव. नाही, आजपासून. उठू नकोस गं, कशाला उठतेस! तू बस. ऑफिस पाचला बंद होतं. मीच जाते.