मागच्या अंगणातला दुसरा

...आणि वर ती मला म्हणते, "पण मिस्टर एंटविसल, तुमच्याकडे दुसरा आहे ना!" दुसरा! अहो कोट आहे का तो, हा मळला म्हणून दुसरा अंगात घातला? संडास आहे, संडास! आता चहाच्या वेळेला हा विषय काढतोय, माफ करा, आमच्या डोरीननं ऐकलं असतं तर म्हणाली असती, क्लाइव्ह, चारचौघांत काय बोलावं याचा काही पोच आहे का तुला... पण डोरीन आहे कुठे इथे? तेच तर दुखणं आहे! डोरीन घरी असती तर मी तुमच्यापुढे हे गुऱ्हाळ लावलंच नसतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमच्या डोरीनचा खुबा बदलला. डावा. छान झालं ऑपरेशन, डॉक्टर म्हणाला, गुरुवारी घरी न्या. नऊ दिवस मी एकटा! सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात नऊ दिवस एकटा मी कधी राहिलो नव्हतो. सकाळी कपाटातून दोन कप काढायचे आणि मग एक परत ठेवायचा. रोज! रोज तोच कप, रोज तीच चूक. मला ती घरी हवी होती, बस्स. याहून जास्त काही मागणं नव्हतं माझं. घर घासून पुसून लख्ख केलं, वरचा संडास तर असा चमकवला की राणीनं... जाऊ द्या. इस्पितळातून माणूस येऊन उंच बैठक देऊन गेला, संडासाच्या भांड्यावर बसवायची, म्हणजे खुबा वाकायला नको. एक नाही, दोन दिल्या! मला वाटलं सरकारी घोळ. एक वर बसवली, दुसरी परत करायला दाराशी ठेवली. ही दुसरी बैठक लक्षात ठेवा हं, मी नाही ठेवली.

आणि सोमवारी वरचा संडास तुंबला! दांडी ओढली तर पाणी खाली जायच्याऐवजी वर, वर, वर... काठाशी येऊन घटकाभर थांबलं, जणू विचारतंय, येऊ का? आणि आलं!

म्हटलं, क्लाइव्ह, घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे विमा आहे! घरातल्या इमर्जन्सीचा विमा, नळ फुटला, गटार तुंबलं, संडास तुंबला, एक फोन करायचा, दोन तासांत माणूस दारात. अकरा वर्षं भरतोय मी हप्ते, आणि अकरा वर्षांत एक फोन केला नाही, उगाच कशाला कुणाला त्रास! आम्ही माणसंच तशी, छत्री विकत घेऊ आणि भिजेल म्हणून पावसात उघडणार नाही.

केला फोन. चाळीस मिनिटं बासरी. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे... बासरी... मोलाचा आहे... बासरी... आणि मग एकदम एक पोरगी, केली नाव तिचं, मधाळ आवाजात, "आज कसे आहात, मिस्टर एंटविसल?"

"मजेत," मी म्हणालो, "तक्रार नाही."

आता मला सांगा, याला दुसरं उत्तर असतं का? माझ्या बापाला कोळशाच्या खाणीतून झोळीत घालून वर काढला होता, पाय दोन जागी मोडलेला, डॉक्टर म्हणाला, कसे आहात, तर बाप म्हणाला, मजेत, तक्रार नाही! आमच्याकडे असंच म्हणतात. पण ही केली ते टकटक टकटक लिहून घेते हो! मला ऐकू येतंय, 'ग्राहक मजेत आहे'! पुढे विचारते, अडचण काय? आणि मी काय म्हणावं? "वरचा संडास... जरासा मंदावलाय." जरासा मंदावलाय! पाणी माझ्या सपातांत होतं! तेही टकटक टकटक.

मग म्हणाली, "फॉर्मवर तुमच्या घरी दोन संडास दिसतायत. वरचा बंद आहे, पण तुमच्याकडे दुसरा आहे ना! मग पॉलिसीप्रमाणे ही इमर्जन्सी होत नाही. पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला सकाळी आठ ते संध्याकाळी सहाच्या मध्ये आमचा माणूस..."

दोन! आता हा दुसरा कोणता, तुम्ही म्हणाल. मागच्या अंगणाच्या टोकाला, कोळशाच्या खोलीला चिकटून, आमच्या आजोबांच्या काळचा. दाराला खाली वीतभर फट, वर वीतभर फट, मधून वारा. एकाहत्तर साली वर न्हाणीघर झालं तेव्हापासून त्यात कुणी बसलेलं नाही. थंडीभर त्यात माझ्या डेलियाच्या फुलझाडांचे कंद झोपतात, खोक्यांत, पेंढ्यात, भांड्यावर फळी टाकून. पण अकरा वर्षांपूर्वी विम्याचा फॉर्म आला, संडास किती, आणि मी छाती काढून लिहिलं, दोन! डोरीन म्हणालीसुद्धा, "तो कशाला लिहितोस रे?" म्हटलं, टाकी भरते, दांडी ओढली की वाहतं, मग खोटं कशाला लिहायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

मंगळवारी पुन्हा फोन. केलीच्या वरची बाई. तिच्या वरचा साहेब. त्या साहेबाचा आवाज तर असा, की आत्ताच उठलाय आणि परत झोपणार आहे. "हं... मिस्टर एंटविसल... पण तुमच्याकडे दुसरा आहे ना..." मी म्हटलं, त्यात डेलिया आहेत! तो म्हणाला, "डेलिया कोण?" आता काय सांगू याला!

तोवर मी काय करत होतो, असं कुणी विचारू नका, सांगतोच. शेजारी नसरीन राहते, अख्तरांची सून, मोठी गुणाची पोर. मी अंगणात फेऱ्या मारतोय हे तिनं खिडकीतून पाहिलं. "अंकल, आमच्याकडे या ना, खालीच आहे, नवीन बांधलाय, लाजता काय!" गेलो. बगलेत पेपर, पेपरात गुंडाळलेला कागदाचा रोल, जणू मी वाचायला चाललोय. बाहेर आलो तर वाटेत स्वयंपाकघर, आणि नसरीन तव्यापाशी. "असेच जाता? पराठा खाऊन जा!" नको म्हटलं. नको म्हटलेलं त्या घरात ऐकू जात नाही! दोन पराठे, वर दही, वर वेलचीचा चहा, मोठ्ठा मग भरून. आणि मग तासाभरात... जायलाच लागणार की! पुन्हा पेपर, पुन्हा पराठा. ज्या कामासाठी आत जायचो, तेच काम बाहेर येताना पोटात घालून पाठवायची! दोन दिवसांत माझी पँट घट्ट झाली.

रोज दुपारी इस्पितळात डोरीनला भेटायला. "घरी सगळं ठीक?" "एकदम ठीक. तुझं?" "एकदम ठीक. तक्रार नाही." संडासाचं तिला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल. बुधवारी मात्र तिला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले, पण मग म्हणाली, "डेलिया बरे आहेत ना?" म्हटलं, झोपलेत. म्हणाली, "बरं." आणि माझ्या हातावर हात ठेवून बसली. काय सांगू, वॉर्डमधून मला निघवेना.

बाहेर येऊन बसस्टॉपवरूनच फोन केला. म्हटलं, केली बाळा, उद्या माझी बायको घरी येतेय. केली म्हणाली, "किती छान!" म्हटलं, एक सांग, माझ्याकडे एकच संडास असता तर? "तर काय, दोन तासांत माणूस!" आणि दुसरा मोडका असला तर? "मोडका म्हणजे चालू नाही, म्हणजे एकच. फक्त फोटो पाठवा."

घरी आलो. डेलियाची खोकी उचलली, वर नेऊन डोरीनच्या बाजूला पलंगावर ठेवली. हातोडा घेतला. आजोबांचं भांडं हो, जाड, पांढरंशुभ्र, आत निळ्या फुलांची वेलबुट्टी! माझा बाप रविवारी तिथे बसून अख्खा पेपर वाचायचा, फटीतून त्याचे बूट दिसायचे. तीन घाव सोसले भांड्यानं. चौथ्याला गेलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण डोरीन घरी यायची होती! फोटो नसरीननं काढला. म्हणते, "अंकल, तुम्ही बाजूला उभे राहा, म्हणजे किती मोठं आहे ते कळेल." हातात हातोडा घेऊन फोटोत मी!

केली म्हणाली, "अरेरे, कसं फुटलं?" म्हटलं, वय झालं होतं. "ऐकून वाईट वाटलं, मिस्टर एंटविसल. पण आनंदाची बातमी, आता तुमच्याकडे इमर्जन्सी आहे! अभिनंदन!"

आणि दोन तासांत माणूस आला, हे मात्र कबूल करतो. डॅरन. एवढा थोरला. चार मिनिटं काम, चाळीस मिनिटं चहा, आठ बिस्किटं. पाइपातून काय काढलं माहितीये? सुवासिक निळी वडी! वड्या! तीन! डोरीन यायची म्हणून मीच भांड्याच्या काठाला टांगल्या होत्या, त्यांच्या प्लॅस्टिकच्या जाळ्यांसकट. तीन दिवसांचा वनवास आणि करणी माझीच! जाताना डॅरन मागच्या अंगणात डोकावला, मान हलवून म्हणाला, "च्च, असलं भांडं आता मिळत नाही हो."

गुरुवार. रुग्णवाहिका दारात. डोरीन उतरली, कुबड्यांवर, केस नीट विंचरलेले, आणि बरोबर फिओना नावाची इस्पितळातली बाई, हातात फाईल. मी म्हटलं, चल वर, बघ तरी, संडास कसा वाहतोय! फिओना म्हणाली, "छे छे! जिना दिवसातून एकदा चढायचा, एकदा उतरायचा. सहा आठवडे. दिवसभर खालीच."

म्हटलं, दिवसभर खाली? मग... तिनं... दिवसभरात... जायचं कुठे?

आणि फिओना हसली. फाईल उघडली. "पण मिस्टर एंटविसल, तुमच्याकडे दुसरा आहे ना!"

डोरीन म्हणते, "अरे म्हणून तर सोडलं मला! त्यांनी विचारलं, खाली संडास आहे का, मी लिहिलं, आहे. खोटं कशाला लिहायचं? तुला कालच सांगणार होते, पण म्हटलं, खोकी हलवायचा तुला उगाच त्रास. त्यासाठीच तर दोन बैठका मागवल्या!" आणि कुबड्या टेकत, टकटक टकटक, निघाली मागच्या दाराकडे. तिनं अंगणातल्या संडासाचं दार उघडलं, बघितलं. मग फक्त एवढंच म्हणाली, "क्लाइव्ह... डेलिया कुठायत?"

मी फोनकडे धावलो. केली! खालचा संडास मोडलाय! दोन तासांत माणूस पाठव! टकटक टकटक. "पण मिस्टर एंटविसल," केली म्हणाली, "तुमच्याकडे दुसरा आहे ना! वरचा! कालच आमच्या माणसानं दुरुस्त केलाय."

फिओना म्हणाली, मग मला पेशंटला परत न्यावं लागेल. तेवढ्यात कुंपणावरून नसरीन, "परत कशाला? आंटी आमच्याकडे राहतील! आमचा खाली आहे!" झालं! डोरीन अर्धा तास माझ्या घरात होती, कोटसुद्धा काढला नव्हता. दाराशी ठेवलेली ती दुसरी बैठक मीच उचलून शेजारी नेऊन बसवली.

आता ती अख्तरांच्या पुढच्या खोलीत असते. सहा आठवडे. नसरीनच्या सासूबरोबर टीव्हीवरच्या मालिका बघते, भाषा कळत नाही पण रडते वेळेवर. भिंतीतून मला तिचं हसू ऐकू येतं. मी रोज दुपारी दोन ते चार द्राक्षं घेऊन तिला भेटायला जातो. "घरी सगळं ठीक?" "एकदम ठीक." सकाळी अजून दोन कप काढतो. आणि वर तो संडास, लख्ख, सुवासिक, चालू, एकट्या माझा!

काल पुन्हा फोन वाजला. केली. "आमच्या सेवेबद्दल आपलं मत घ्यायचं होतं. कसे आहात, मिस्टर एंटविसल?"

आता म्हटलं, आता सांगायचंच! चांगलं खडसावायचं! तोंड उघडलं, श्वास घेतला...

"मजेत," मी म्हणालो. "तक्रार नाही."

आणि फोन ठेवताना थँक्यू म्हटलं. दोनदा.