रिकाम्या गाडीचे चोवीस किलोमीटर

सुपरवायझर : हा कागद तूच लिहिलास?

ड्रायव्हर : खाली सही आहे ना, दादा.

सुपरवायझर : सही ओळखतो मी. बावीस वर्षं हजेरीवर बघतोय. मजकुराचं विचारतोय. तुझ्या गाडीला डिझेल जास्त का लागतं, एवढाच खुलासा मागितला होता. ‘मी माझ्या बसच्या टाकीतून वेळोवेळी डिझेल काढून विकलं.’ वेळोवेळी म्हणे. अरे, कँटीनमध्ये कुणी चहा पाजला तर दुसऱ्या दिवशी त्याला परत पाजल्याशिवाय तुला चैन पडत नाही. तू डिझेल विकणार? कुणाला विकलंस, नाव सांग.

ड्रायव्हर : होतं एखाद्याच्या हातून.

सुपरवायझर : एखाद्याच्या होतं, तुझ्या नाही. दार लाव आणि बस.

ड्रायव्हर : उभा बरा आहे.

सुपरवायझर : बस म्हटलं ना. वर बघून मान दुखते माझी.

(ड्रायव्हर दार लावून बसतो.)

सुपरवायझर : हे बघ. चार वाजता कारकून टपाल घेऊन हेड ऑफिसला जाणार. त्यात हा कागद गेला की तू चोर ठरलास. मग मी कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. अजून पाऊण तास आहे. बोल.

ड्रायव्हर : त्यात लिहिलंय सगळं.

सुपरवायझर : बरं, मग मीच बोलतो. सकाळी मी स्वतः तुझ्या गाडीत चढून मीटर बघितला. डिझेल चोरलं तर टाकी रिकामी होते, मीटर पुढे जात नाही. तुझा मीटर रोज चोवीस किलोमीटर जास्त पळालाय. जेवढं डिझेल जास्त लागलं, तेवढी गाडी जास्त चाललीय. चोरी धड लिहितासुद्धा आली नाही तुला.

ड्रायव्हर : मीटरचं माझ्या लक्षात नाही आलं.

सुपरवायझर : येईल कसं, सवय लागते त्याला. रोज चोवीस किलोमीटर जातोस कुठे? कुणी बाईबिई आहे का?

ड्रायव्हर : काहीतरीच काय, दादा.

सुपरवायझर : तसं असतं तर निदान दाढी तरी रोज केली असतीस.

ड्रायव्हर : बायपासने येतो.

सुपरवायझर : कधी?

ड्रायव्हर : शेवटच्या फेरीला. नदीपलीकडे कारखान्याच्या वसाहतीत सगळे उतरले की गाडी रिकामी परत आणायची असते. जुन्या पुलावरून आणत नाही मी. लांबून, बायपासच्या मोठ्या पुलावरून आणतो. पुरानंतर जुना पूल परत उघडला तेव्हापासून. चार महिने झाले.

सुपरवायझर : अरे, पण दिवसभर त्याच जुन्या पुलावरून सहा वेळा जातोस की.

ड्रायव्हर : तेव्हा मागे माणसं असतात. कुणी फोनवर भांडतं, कुणाचं पोर रडतं. त्या आवाजात गाडी जाते कशीबशी. रिकामी जात नाही. एकदा प्रयत्न केला. पुलाच्या तोंडाशी आलो आणि पाय क्लचवरून उठेचना. मागून ट्रकवाला शिव्या घालत होता. शेवटी तो पुढे निघून गेल्यावर रिव्हर्स घेतली.

सुपरवायझर : आणि हे सांगायचं सोडून चोरी लिहून दिलीस?

ड्रायव्हर : चोरी केली तर महिना-दोन महिने घरी बसवतात. मग परत स्टिअरिंग मिळतं. आपल्याच डेपोत दोघांना मिळालंय. घाबरतो म्हणून लिहिलं तर मेडिकलला पाठवतात. तिथे नापास झालो की रिटायर होईपर्यंत गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं. मला गाडी चालवण्याशिवाय काही येत नाही, दादा. आणि चोर म्हटलं तर लोक पाठीमागे बोलतात. घाबरट म्हटलं तर तोंडावर हसतात.

सुपरवायझर : कोण हसतं?

ड्रायव्हर : सगळेच. कॅप्टन म्हणतात ना मला. ‘कॅप्टन, आज जहाज कुठल्या बंदरात?’ मीपण हसतो. नाही हसलो तर सांगायचं काय?

सुपरवायझर : कॅप्टन मीच म्हणालो पहिल्यांदा.

ड्रायव्हर : हो.

सुपरवायझर : पुरात जुन्या पुलाच्या तोंडाशी तुझी रिकामी गाडी अडकली, तुला बसच्या टपावरून बोटीत घेतलं तेव्हा पहिलं काय विचारलंस, तर गाडीचं काय झालं. मला हसू आलं. म्हटलं, गडी ठणठणीत आहे. खरचटलंसुद्धा नव्हतं तुला.

ड्रायव्हर : सगळे तेच म्हणाले. बायको म्हणाली, नशीब काढलंत.

सुपरवायझर : पाच तास होतास ना वर?

ड्रायव्हर : साडेपाच.

सुपरवायझर : काय करत होतास एवढा वेळ? मी कधी विचारलंच नाही.

ड्रायव्हर : हॉर्न ऐकत होतो.

सुपरवायझर : कसला हॉर्न?

ड्रायव्हर : गाडीचा. आत पाणी शिरलं तसा आपोआप वाजायला लागला. शॉर्ट झाला असणार. मी टपावर आणि खाली तो एकसारखा बोंबलतोय. आधी वैताग आला. मग वाटलं, वाजू दे, कुणीतरी ऐकेल. त्याला म्हणायलाही लागलो, थांबू नको बाबा. पुढे बॅटरी उतरली तसा बारीक होत गेला आणि बंद पडला. त्यानंतर चार तास नुसतं पाणी. टप हलायचा, थोडा थोडा. मी मेलो तर नक्की कधी मेलो हेही कुणाला कळणार नाही, असं सारखं मनात यायचं. रिकाम्या गाडीत तीच शांतता असते, दादा.

सुपरवायझर : पाणी पी. पी, संकोच करू नकोस.

ड्रायव्हर : ठीक आहे मी.

सुपरवायझर : नाहीस तू ठीक. आणि मी तुला तिसऱ्याच दिवशी ड्युटीवर बोलावलं. माणसं कमी होती, पण ती नुसती सबब झाली. चुकलं माझं. वाईट वाटतंय मला.

ड्रायव्हर : तुम्हाला काय माहीत.

सुपरवायझर : माहीत असायला हवं होतं. माझ्या मेव्हण्याचं दुकान बुडालं त्याच पुरात. बाहेरून धडधाकट, आणि घरात सगळ्यांवर खेकसायचा, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे नेला. ओढत नेला म्हण. आता निदान झोपतो. तू झोपतोस का?

ड्रायव्हर : लागतो डोळा मधेमधे. पण तिथे गेलो की गोळ्या देतील, आणि गोळ्या खाणाऱ्याला स्टिअरिंग देत नाहीत.

सुपरवायझर : ते मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? थोडे दिवस खाली उतरावं लागेलही. पण तुला परत चढवायला मी जिवाचं रान करीन. चोराला मात्र मी चढवणार नाही, हेही ऐकून ठेव. हा कोरा कागद घे.

ड्रायव्हर : काय लिहू?

सुपरवायझर : आत्ता बोललास ते.

ड्रायव्हर : अक्षर नीट येत नाहीये.

सुपरवायझर : असू दे. अक्षर कुणी बघत नाही. सावकाश लिही.

ड्रायव्हर : घ्या.

सुपरवायझर : बघू. ‘पुरात अडकल्यापासून मला रिकामी बस एकट्याने जुन्या पुलावरून आणता येत नाही. भीती वाटते. म्हणून लांबून आणतो. डिझेल चोरलेलं नाही.’ एवढंच? चोरी तर पानभर लिहिली होतीस.

ड्रायव्हर : भीती हा शब्द राहू द्यायचा?

सुपरवायझर : राहू दे. खाली मी माझं लिहितो, की मीटर मी तपासला आणि ह्या माणसाला डॉक्टरकडे पाठवतोय. घरी काय सांगितलंयस, रोज उशीर का होतो?

ड्रायव्हर : ओव्हरटाइम.

सुपरवायझर : आज खरं सांग. ती तुझी बायको आहे, हेड ऑफिस नाही. आणि तो पहिला कागद फाड, तुझ्या हाताने.

ड्रायव्हर : आज शेवटची फेरी कुणाला देताय?

सुपरवायझर : देतो कुणालातरी. तू घरी जा.

ड्रायव्हर : देऊ नका. मीच नेतो. फक्त परत येताना...

सुपरवायझर : मी येतो. पलीकडे वसाहतीत थांबतो आणि तिथून गाडीत चढतो. तुला वाटलं तर बायपासने येऊ.

ड्रायव्हर : जुन्या पुलावरून बघू या.

सुपरवायझर : बघू. मी आपला शेजारी गप्प बसून राहीन.

ड्रायव्हर : गप्प नको, दादा. काहीही बोला. पण पूल संपेपर्यंत थांबू नका.