सूनबाईंचा सत्कार

हॅलो? … हॅलो आई? … अगं मीच, हर्षाली! ऐकू येतंय का? … मागे शिट्ट्या चालल्यात, थांब, पार्किंगमध्ये येते… हं. नाही, तू नको बोलूस, तू फक्त ऐक!

झाला कार्यक्रम! … सांगते, सांगते. आधी हे ऐक, आप्पा आले होते. … हो, तुझे व्याही! देवळ्याहून, एकटे! … मी कुठे बोलावलं? आठ महिने माझ्याशी एक शब्द न बोललेला माणूस. माझ्या त्या कांद्याच्या जोकची क्लिप गावाच्या ग्रुपवर फिरली तेव्हापासून. रविराजला फोन करून विचारायचे, 'घरातली बरी हाय का?' आणि मी शेजारीच बसलेली!

… तोच गं जोक. आप्पा मला बघायला आले, तर आधी आपल्या कांदाचाळीतला कांदा दाबून बघितला, बाहेर आले आणि म्हणाले, पोरगी पसंत. … हो, खरंच घडलेलं आहे, म्हणून तर राग!

तुझ्या जावयाने घोळ घातला. नुसतं म्हणाला, हर्षालीचा नाशकात कार्यक्रम आहे, स्टेजवर. आप्पांना वाटलं, सत्कार! … हो ना! सकाळच्या एसटीने शाल-नारळ घेऊन हजर. आणि बसले कुठे? पहिल्या रांगेत, मधोमध! अगं, कॉमेडी फेस्टिव्हलला पहिल्या रांगेत शहाणा माणूस बसत नाही. तिथे बसेल त्याला आम्ही धरून धुतो. आप्पांना वाटलं, मान्यवरांच्या खुर्च्या…

… मग काय, मी बोलले. … हो, तोच जोक! आधी बँकेतला किस्सा सांगितला, मग समोर आप्पांचा चेहरा बघून पुढचं सगळं विसरले गं, तेवढंच आठवलं. हॉल हसला, टाळ्या पडल्या… आणि आप्पा उठले. वाटलं, संपलं. आता जन्मात बोलणार नाहीत.

… ऐक ना पुढे! दाराकडे नाही गेले. स्टेजवर चढले! पिशवीतून शाल काढली, माझ्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या ना, म्हणजे भाषण झालं, आता सत्कार! आणि माइक घेतला गं… 'सन्माननीय व्यासपीठ!'

आयोजक आहे ना आमची, आयशा, ती मागून टॉर्च दाखवते. म्हणजे तुमची पाच मिनिटं संपली, उतरा. ती बिचारी टॉर्च हलवतेय, हलवतेय… आप्पा म्हणतात, 'कोण हाय ते बॅटरी मारतंय? लाईट गेली का?' … अगं लोक खुर्चीतून खाली!

मग एकदम हळू आवाजात म्हणाले, 'सूनबाई बोलली ते खरं हाय. मी कांदाच बघितला. पण मंडळी, तो कांदा त्या साली निम्मा सडला. पोरगी मात्र खणखणीत निघाली.'

… आई. … आई, शांत हो. … आपला कांदा नव्हता सडला, माहितीये मला. … बरं, त्या साली पाऊस लागला होता, कबूल. … बाबांना आत्ता नको ना सांगूस!

लोक उभे राहिले गं! सगळा हॉल! मी तिथेच रडले, माइकसमोर. एवढं बरं वाटलं ना मला, एवढं…

… स्पर्धेत नंबर? छे, बाद झाले! पाच मिनिटं दिली होती, आप्पांनी अकरा केली. … अगं वाईट कसलं वाटतंय, ऐक! आयशा आत्ता सांगून गेली, रविवारच्या मोठ्या शोमध्ये शेवटची वीस मिनिटं माझी. माझी, आई! … शेवटी म्हणजे चांगलं असतं गं! लग्नाची पंगत आहे का, शेवटी बसलं की भाजी संपायला!

… थांब, थांब. आप्पा हाक मारतायत… रवीला नाही गं, मला! नावाने! … आले, आप्पा! … काय? … आई, म्हणतायत, त्या बँकेच्या किश्शात दम नाय, रविवारी काढून टाक. … मग त्या जागी काय घालू, आप्पा? … हं? … खरंच? … आमच्या कळवणच्या घरी? माझ्या हळदीच्या दिवशी?

आई, ठेवते मी. … काही नाही गं, त्यांच्याकडे तुझ्यावर एक किस्सा आहे म्हणे. … छे, मी कशाला हसेन? … नाही हसत… नाही गं… ठेवते, ठेवते!