लामचं मासळीचं गाणं

मला कँटनीज बोलता येतं म्हटलं की तुम्ही हसता. हसा. जहाजाच्या भटारखान्यात हाँगकाँगच्या लामसोबत नोकरी केली, तिथे शिकलो. शाळेत नव्हे.

पण कांदे चिरताना तो एक गाणं म्हणायचा, तेवढं कळायचं नाही.

"हे कसले शब्द रे?"

"पुस्तकी. गाण्यात असतात, बोलण्यात नाही. तुझ्या गणपतीच्या आरतीतलं तुला सगळं कळतं?"

मी म्हटलं, "अर्थ तरी सांग."

"मासळी ताजी आहे, या, घेऊन जा."

मग मीही परातीवर जोरात ठेका धरायचो.

आता नात तन्वी हाँगकाँगला नोकरीला निघाली आहे, म्हणून मुलुंडला घरी बसून कँटनीज शिकते. परवा कुरकुरली, "आबा, बोलणं जमतं हो, पुस्तकी शब्द डोक्यावरून जातात."

मी लामचं गाणं म्हटलं. "हे सोडव बघू."

ती एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसली. मग हळूच म्हणाली, "आबा, यात मासळी नाहीच. तो म्हणतोय, आई, दार लावू नकोस, मी घरी यायला निघालोय."

लाम आता नाही. असता तर झापला असता. लबाड! खरं सांगितलं असतं, तर ठेका जरा हळू धरला असता.